बोर्डाची सावली

अनुदानाचे नियम लिहिणाऱ्यांनी सूर्य कधी पाहिलेला नसावा. गावाला सौर वीज पुरवणाऱ्यानं योजनेचा भलाथोरला बोर्ड पॅनेलांच्या अगदी समोर, कायमचा बसवायचा. माप त्यांचं, लोखंड माझं. मीही अतिशहाणा, खांबांना काँक्रीट ओतून असा ठोकला की भूकंपाच्या बापालाही हलवता येऊ नये. दुपारी त्याची सावली थेट पॅनेलांवर पडली.

त्याच आवारातली माझ्या बायकोची पिठाची गिरणी याच विजेवर चालायची. ती ऐन दुपारी जांभया द्यायला लागली.

तपासणीचे साहेब आले, मीटर लावला, मान हलवली. "वीज कमी आहे. अनुदान मिळणार नाही."

"साहेब, बोर्डाची सावली पडतेय. काढू का?"

"काढलात तर लगेच नामंजूर."

"मग करू तरी काय?"

"ते नियमात नाही. पुढच्या आठवड्यात परत बघतो."

इकडे आड, तिकडे विहीर. अनुदान बुडालं की उधारीवर पॅनेल देणारा व्यापारी ती उचलून नेणार आणि गिरणी बंद पडणार. बायकोला तोंड दाखवायची मला लाज वाटत होती. तिचं मात्र भलतंच चाललं होतं. गिरणीला दार नव्हतं, शेळ्या आत शिरून पीठ चाटायच्या, आणि दोन वर्षं ती माझ्याकडे दार मागत होती. तिला उठताबसता दारच दिसायचं.

"अहो, त्या बोर्डालाच बिजागऱ्या लावा की! हवा तेव्हा लावायचा, हवा तेव्हा उघडायचा."

लोहारानं बोर्डाचा पत्रा सोडवून एका खांबावर बिजागऱ्यांनी टांगला. साहेब आले, लावलेल्या बोर्डाचा फोटो काढला. मग बायकोनं तो बाजूला लोटला आणि गिरणी अशी गरजली की साहेब दचकले. त्यांनी मीटर पाहिला, नियम उलटसुलट वाचले. बोर्ड कायमचा हवा होता, तो होता. बिजागऱ्यांना कुणीच मनाई केलेली नव्हती. हिरमुसून त्यांनी सही केली. मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

"आता मंजुरीचा दुसरा बोर्ड लावायचा," ते म्हणाले. "माप तेच. आवारात कुठेही, पण रस्त्यावरून दिसला पाहिजे."

मी कपाळावर हात मारला. बायको कुठे दिसेना. बघतो तर ती गिरणीच्या रस्त्याकडच्या रुंद, रिकाम्या चौकटीला टेप लावून उभी.

"बरोब्बर बसतोय," ती म्हणाली. "साहेब, कडी आतून लावली तर चालेल ना?"