हाक्याचा डबा

माझ्या अंगावरचे पोचे पाहून हसू नका, मित्रांनो. मी एक जुना तेलाचा डबा आहे आणि यातला एकेक पोचा काठीने पडलेला आहे. तेल संपल्यावर माझं झाकण घट्ट बसवलं, तार बांधली आणि मी शिकारीच्या कामाला लागलो.

शिकारीत हाका घालतात. माणसं ओळ धरून झाडीत शिरतात, ओरडतात, डबे बडवतात. रानडुकरं घाबरून पुढे पळतात आणि पुढे बंदूकवाले टपलेले असतात. आमच्या ओळीचा म्होरक्या मला गळ्यात अडकवायचा. त्याच्या आवाजामुळे गावाने त्याचं नाव भोंगा पाडलं होतं. भोंगा आणि त्याचा डबा असला की रान रिकामं, असं लोक म्हणायचे. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी फुशारून जायचो.

एका वर्षी ओढ्याकाठी तीन रानडुकरं मरून पडलेली सापडली. जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या आणि भोंग्याच्या अंगणात बसून त्यांनी सगळ्यांना समजावलं. हा डुकरांचा ताप आहे, माणसाला होत नाही. पण पाळलेल्या डुकरांत शिरला तर अख्खा गोठा रिकामा करतो. त्यावर औषध नाही. म्हणून या हंगामात हाका घालू नका. आजारी कळप सहसा आपल्या जागेवर राहतो, पण त्याला उठवलं की लांब पळतो आणि ताप सोबत नेतो. मेलेली जनावरं आम्ही पुरू, तुम्ही फक्त रान शांत ठेवा.

भोंग्याने मान डोलावली. पण त्याच्या गोठ्यात सहा डुकरं होती आणि ओढा अगदी जवळ होता. बाईंची गाडी वळणाआड जाताच तो म्हणाला, "हातावर हात ठेवून बसायचं का? हाकलून देऊ. पीडा जाईल डोंगरापलीकडे." सगळ्यांना ते पटलं.

रविवारी सकाळी मी पुन्हा त्याच्या गळ्यात होतो. डब्याला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. बंदुकांनी दोन डुकरं टिपली आणि उरलेली सात डोंगर चढून गेली. शेवटची मादी दर चार पावलांवर अडखळत होती. तिच्या मागे मीच वाजत होतो.

घरी येऊन भोंगा रंगवून सांगू लागला. त्याची बायको भाजी निवडत होती. किती गेली, कुठून गेली, असं तिने विचारलं आणि तिचे हात थांबले.

"अहो, डोंगराच्या पाठीला आपली थोरली राहते."

थोरल्या लेकीकडे तो नेहमी बसने, वळसा घालून दोन तासांनी पोहोचायचा. ते घर सरळ पलीकडेच आहे, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. थोरलीचं घर चालायचं बारा डुकरांवर आणि त्यातली एक मादी गाभण होती.

त्याने घाईघाईने फोन करून डुकरं आत कोंडायला सांगितली. ती सकाळपासून बाहेरच चरत होती. मग रोज सकाळी फोन. खातात का? खातात. उठतात का? उठतात. मी खुंटीवरून ऐकत होतो आणि मला त्या खुंटीवर मिरवायची लाज वाटत होती. नवव्या दिवशी गाभण मादी उठली नाही. पंधराव्या दिवशी थोरलीच्या गोठ्यात एकही डुक्कर उरलं नाही.

फाटकाशी जंतू मारायच्या औषधाचं पाणी ठेवायला थोरलीने एखादा डबा मागितला होता. भोंगा मला घेऊन गेला. तिने त्याला फाटकाबाहेरच थांबवलं. ती रागावली नव्हती, तेच वाईट होतं.

"बाबा, त्या दिवशी तुमच्या डब्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला होता. मी लगेच ओळखला. इतकं बरं वाटलं होतं."

भोंग्याने मला फाटकावरून तिच्या हातात दिलं.

त्याच दिवशी थोरलीने माझी एक कूस कापून मला आडवं ठेवलं. आता गोठ्यात पुन्हा दोन पिल्लं आहेत. आत जाणारा प्रत्येक जण माझ्यात बूट बुडवतो. भोंगाही बुडवतो, मग लेकीला हळू आवाजात हाक मारतो.

मित्रांनो, आजारी रानाला घाबरवलं तर रोग पळत नाही. रोग घेऊन रान पळतं. अजूनही डोंगरावर कुठे डबा वाजला की माझ्यातलं पाणी थरथरतं. तुम्ही तरी वाजवू नका.