छत्रीतला फोटो

हर्ण्याचा मुसा जहाजावर निघाला की शेजारीपाजारी विचारायचे, या खेपेला काय आणणार? त्या वर्षी मात्र जाण्याआधीच त्याने मुंबईहून दोन वस्तू आणल्या होत्या. एक वापरलेला लॅपटॉप आणि एक छोटा कॅमेरा. कॅमेरा त्याने धाकट्या भावाच्या, उमेरच्या हातात ठेवला. लॅपटॉप आपल्या लुंगीत गुंडाळून बॅगेत घातला.

"हे खेळणं नाही," तो उमेरला म्हणाला. "बावा गेले तेव्हा मी ब्राझीलच्या पाण्यात होतो. आलो तेव्हा कबरीवर गवत वाढलेलं. आईच्या वेळी तसं नको. दर जुम्म्याला तिचा फोटो काढायचा आणि दापोलीला जाऊन ईमेलने पाठवायचा. तिला जरा काही झालं तरी कळवायचं. असेन त्या बंदरात मी उतरेन."

"कळवीन, भाई."

"शपथ घे."

उमेरने ओट्यावर बसलेल्या आईच्या डोक्यावर हात ठेवला. म्हातारीला ऐकू कमी यायचं, पण शपथ तिला कळली. "हळू रे," ती म्हणाली, "आधीच चार केस उरलेत."

कानांमुळे तिच्याशी फोनवर बोलणं जमतच नसे. "हां हां, जेवले," एवढं म्हणून ती फोन दुसऱ्याच्या हातात द्यायची. म्हणून मुसाला फोटोचा आधार.

जहाज बंदराला लागलं की बाकीचे खलाशी बाजार गाठायचे. मुसा लॅपटॉप काखेत मारून खलाशांच्या क्लबात जायचा, भिंतीतली तार जोडायचा आणि वाट बघत बसायचा. फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचा. आधी ओट्याची कौलं, मग आभाळ, मग समुद्र आणि मग आईची ओढणी. तिचा चेहरा पुरा उतरला की त्याच्या जिवाला थंडावा वाटायचा. कधी तिच्या डोक्यावर पांढरी ओढणी असायची, कधी त्याने आणलेली हिरवी. पाऊस सुरू झाल्यावर एकदा ती अंगणात छत्री उघडून बसलेली दिसली. मुसाने तो फोटो जहाजावर सगळ्यांना दाखवला.

त्या खलाशांत खेडचा सागर होता. त्याच्या घरी दोनच दिवसांपूर्वी फोन लागला होता. जगबुडी नदीचं पाणी बाजारात शिरून त्याच्या काकांच्या दुकानातला माल भिजला होता. सागर फोटोकडे बघून म्हणाला, "काय वो मुसाभाई, पाऊस सगळा आमच्याच नशिबी काय? आम्ही बुडालो आणि तुमच्या हर्ण्याला बोटी मासेमारीला निघाल्यात!"

मुसा हसला. मग त्याचं हसू जागीच राहिलं.

छत्रीच्या मागे समुद्र होता आणि समुद्रात बोटी होत्या, निशाणं लावलेल्या. जुलै महिन्यात हर्ण्याच्या समुद्रात बोट नसते. मोठ्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन बांधतात, लहान होड्या पुळणीवर ओढून माडाच्या झापांनी शाकारतात. हे हर्ण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मुसाने दर वेळी चेहऱ्याची वाट बघितली होती. चेहऱ्यामागे काय आहे हे कधी बघितलंच नव्हतं.

त्याने घरी फोन लावला.

"आई कशी आहे?"

"बरी आहे, भाई. आता पडलीय जरा."

"उठली की पुळणीवरच्या होड्या मागे दिसतील असा एक फोटो काढ. आजच पाठव."

"कॅमेरा बिघडलाय, भाई."

पुढचं बंदर कोलंबो होतं. मुसाने काँट्रॅक्ट अर्ध्यावर सोडलं. कॅप्टनने बजावलं, कंपनी तुला पुन्हा बोलावणार नाही. मुसा बॅग घेऊन उतरला.

तो हर्ण्याला पोचला तेव्हा पाऊस कोसळत होता. पुळणीवर होड्या झापांखाली पालथ्या होत्या. ओट्यावर कोणी नव्हतं. उमेरची बायको शमीम दारात आली आणि त्याला बघून तोंडाला पदर लावून आत पळाली. आईची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

"कधी?" मुसाने विचारलं.

"मिरग लागायच्या आधी," उमेर म्हणाला.

मुसाने त्याची गचांडी धरली. "गेलेल्या बाईचे फोटो पाठवत होतास मला? तिच्या डोक्यावर हात ठेवला होतास!"

उमेरने हात सोडवला नाही. "मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. मी कळवायलाच निघालो होतो. तिनेच अडवलं. म्हणाली, तो नोकरी टाकून येईल. येऊन काय करणार, मला उठवणार? तिनेच मला कॅमेरा काढायला लावला. पुढचे सगळे फोटो दोन दिवसांत काढले. शमीम ओढण्या बदलून देत होती."

"आणि छत्री?"

"तीही तिनेच मागितली. म्हणाली, पावसात बिनछत्रीची कशी बसेन, मुसा ओळखेल. कडक उन्हात छत्री धरून बसली होती. इदेचाही काढलाय. तू नोव्हेंबरात येणार, तोपर्यंत पुरतील एवढे काढून घेतले. जिच्या डोक्याची शपथ, तीच मोड म्हणाली. मी काय करायचं होतं, भाई?"

मुसाची मूठ आपोआप सुटली. भावाला मारायला तो एवढा समुद्र ओलांडून आला होता. आता मारायचं कोणाला?

"इतक्या वेळा कॅमेऱ्यात बघितलं तिने," तो म्हणाला. "दर वेळी माझ्याकडे बघून खोटं बोलली."

तो तसाच कबरस्तानात गेला. उमेर मागून आला. आईची कबर बावांच्या शेजारी होती आणि पावसाने दोन्हींवर सारखंच गवत वाढवलं होतं. कोणती नवी, कोणती जुनी, हे उमेरने त्याला दाखवलं. मुसा गुडघ्यांवर बसला. तीन मुठी माती द्यायची म्हणून त्याने गवतात बोटं खुपसली. हाताला नुसता चिखल लागला आणि तोही पावसाने धुऊन नेला.

"माती द्यायलासुद्धा जागा ठेवली नाहीत तुम्ही," तो म्हणाला. हे उमेरला म्हणाला की कबरीला, ते उमेरला कळलं नाही.

उमेरने पुढे होऊन त्याच्या डोक्यावर छत्री धरली.

मुसाने वर बघितलं. काळं कापड, एक काडी वाकलेली. त्या काडीखाली आईचा चेहरा त्याने किती वेळा बघितला होता.

"ही तीच ना?"

उमेरने मान हलवली.

"मीट ती."

उमेरने छत्री मिटली.