पुढची डावी बाजू

लवू पाष्टेने नवलाई देवीची पालखी भर मळ्यात टाकली, असं मी दहा वर्षं सांगत आलो. आणि सांगताना वर म्हणायचो, मी समोर उभा होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. बघितलं होतंच. कळलं नव्हतं, एवढंच.

आमच्या गावात शिमग्याला खूण काढतात. दोघातिघांनी मळ्यात कुठेतरी नारळ पुरून ठेवायचा, जागा कुणाला सांगायची नाही. मग सहाणेवरून, म्हणजे शिमग्यात ती जिथे बसते त्या चौथऱ्यावरून, देवीची पालखी उठते, मळाभर फिरते, आणि जिथे ती झुकते तिथे खणलं की नारळ निघतो. पालखीच्या दांड्याला पुढच्या डाव्या बाजूने खांदा लावायचा मान पाष्ट्यांचा. आणि कुठला मान कुणाकडे, हे ठरवायचं काम आमच्या घराण्याचं, म्हणजे माझं.

लवू आणि मी पालीच्या शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. भित्रा म्हणजे किती भित्रा असावा माणसाने! वाटेत ओढ्यावर साकव होता, पोफळीची दोन खोडं आडवी टाकलेली. लवू माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरायचा, डोळे गच्च मिटायचा आणि तसा पार व्हायचा. माझे सगळे सदरे मागून फाटलेले असायचे आणि त्यासाठी आईचा मार मी खायचो. असा हा लवू पलटणीत भरती झाला तेव्हा मी म्हणालो होतो, आता देशाचं काही खरं नाही.

एकाहत्तरची लढाई बघून, पुढे तीन वर्षांनी तो पेन्शनीवर घरी आला. बायको तुळसा, मुलगा विठू, पाठच्या दोन मुली. लढाईचं विचारलं तर म्हणायचा, "आमी जमीन साफ करायचो." मी समजलो, झाडलोट. त्यावरून त्याला चारचौघांत किती चिडवलं! तो नुसता हसायचा. गावच्या पोरांना शाळेत सोडायला मात्र रोज स्वतः जायचा, सगळ्यांच्या पुढे ताठ चालत. मी म्हणायचो, बघा, कोंबडा पुढे आणि पिल्लं मागे.

सत्त्याहत्तरच्या शिमग्यात तो प्रकार झाला. पालखी मळ्यात उतरली. पोरं नेहमीसारखी पुढे धावली, माती कुठे उकरलेली दिसते का ते शोधत. तेवढ्यात लवू ओरडला, "थांबा! कोणी पाय उचलू नका!" त्याने दांडा सोडला, धावत पोरांच्या पुढे गेला, जमिनीवर पालथा पडला आणि बोटांनी माती चाचपायला लागला. पालखी एका अंगाला कलली. माझ्या धाकट्या भावाने झेप घेऊन दांडा धरला म्हणून देवी मातीत पडली नाही. लोक हसले. माझं डोकंच फिरलं.

"जल्लं तुजं शिपाईपण!" मी ओरडलो. "देवीच्या वाटेत आडवा पडतोस?"

तिथल्या तिथे पाष्ट्यांचा मान काढून मी भावाला दिला. लवू कपड्यांची माती न झटकता घरी गेला, आणि त्यानंतर खुणेच्या दिवशी कधी बाहेर दिसला नाही. मी म्हणायचो, चोराच्या मनात चांदणं.

पंच्याऐंशीच्या कार्तिकात तो पोटाच्या दुखण्याने गेला. त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि यंदा शिमग्याच्या तोंडावर तुळसा विठूला घेऊन माझ्या पडवीत आली.

"भावजी," ती म्हणाली, "ह्यांचं काय चुकलं असंल, त्ये ह्यांच्यासंगं ग्येलं. पोराला दांड्याला लागू दे."

विठू खाली बघत उभा होता. वीस वर्षांचा, बापासारखाच मुखदुर्बळ. मी म्हणालो, विचार करून सांगतो. म्हणजे नाही. दहा वर्षांपूर्वी गावासमोर दिलेला शब्द फिरवला तर मानकरी कसला? तुळसाला ते कळलं असणार. ती पदराने तोंड पुसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पालीच्या बाजारातून परत निघालो, तर तिथेच एसटीतून एक पाहुणा उतरला. पिळदार पांढऱ्या मिशा, हातात काठी, उजवा पाय लाकडी. साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार. लवू गेल्याचं त्यांना परवा कळलं होतं आणि ते तुळसाला भेटायला आले होते. मी म्हणालो, चला, वाट दाखवतो.

सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, ओलांडून अर्ध्या तासाची वाट. मी पुढे, ते मागे. मागे वळून बघतो तर गृहस्थ नेमके माझ्या पावलावर पाऊल टाकत येत होते. लाकडी पायाने ते किती अवघड! मला राहवलं नाही.

"सुभेदार, वाट रुंद हाय की. बाजूनं चला."

ते हसले. "सवय हाय ओ. लवूनं लावलेली."

मग एका कातळावर बसून त्यांनी सांगितलं. लढाईत त्यांची तुकडी पुरलेल्या सुरुंगांत शिरली. पहिल्याच स्फोटात यांचा पाय गेला. बाकीचे तेरा जण जागच्या जागी उभे, कारण पाऊल टाकायचं कुठे? तेव्हा बाहेरून लवू आला. पालथा पडून, हातात संगीन तिरकी धरून. वीतभर माती टोचायची, हाताने चाचपायची, वीतभर पुढे सरकायचं. तीन तास तो असा सरकत होता आणि वरून गोळे पडत होते.

"मला पाठीवर घेतलं तवा त्येचं अंग लटालटा कापत होतं. म्या म्हनलं, लवू, भ्यालास व्हय? म्हनतो, भितोच मी, ल्हानपनापासनं. म्या म्हनलं, मग आलास कशाला? तर म्हनतो, शाळेत असताना आमचा सखाराम पुढं चालायचा, त्येचा सदरा धरून मी साकव पार करायचो. आज कुनीतरी पुढं चाललं पायजे का नाय?" सुभेदारांनी डोळे पुसले. "चौदाच्या चौदा जन त्येच्या पावलांवरनं भायेर आलो. त्यो सखाराम हाय का ओ गावात?"

"हाय," एवढंच मी म्हणालो.

मळ्यात त्याने का ओरडावं, पालथं का पडावं, हे त्या कातळावर बसल्या बसल्या मला कळलं. जमिनीत काहीतरी पुरलंय आणि पोरं त्याच्यावर धावतायत. आम्हाला नारळ दिसत होता. त्याला सुरुंग दिसला होता. आणि हा माणूस त्या दिवशी मागे पळाला नव्हता, पुढे धावला होता.

घरी गेलो. शिमग्याला माहेरी आलेली माझी लेक मालन भाकऱ्या थापत होती. तिला विचारलं, शाळेत जाताना लवूकाका पुढे का चालायचा गं?

"म्हंजे? तुमाला ठाव नाय?" ती म्हणाली. "सड्यावर काका सांगायचे, मी जिथं पाय ठेवीन थितंच ठेवा. एकदा मी विचारलं, काका, हय काय हाय? तं म्हनाले, काय नाय गं बाय, डोक्याला म्हाईत हाय, पायांना पटत नाय. मी सातवी झाले तवर रोज तेच पुढं."

कोंबड्यामागच्या पिल्लांत माझंही पिल्लू होतं. रोज सकाळी त्या माणसाने माझ्या लेकीच्या पुढे, स्वतःचा जीव मुठीत धरून, तो सडा ओलांडला होता. आणि मी अंगणात उभा राहून हसत होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

खुणेच्या दिवशी सहाणेवर गावाच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालायला मी उभा राहिलो. समोर अख्खा गाव, तुळसा, आणि तिच्याशेजारी काठी टेकून सुभेदार. गाऱ्हाणं मला तोंडपाठ, पण या वेळी ते बाजूला ठेवलं.

"आई नवलाई," मी म्हणालो, "दहा वर्सांमागं तुजी पालखी कलली, ती लवूमुळं नाय. त्यानं तुजी लेकरं वाचवायला धाव घेतली आणि ह्या सखारामानं त्याचा मान काढला. चूक माजी. लवूला सांगायला उशीर झाला, म्हणून तुला सांगतो."

सुभेदारांनी माझ्याकडे चमकून बघितलं आणि काठी बगलेत धरून दोन्ही हात जोडले. मला ते हात बघवले नाहीत.

भाऊ मुकाट्याने बाजूला झाला. विठूने पुढच्या डाव्या बाजूला खांदा लावला. मी पोरांना मागे व्हा म्हणून सांगणार होतो, पण त्याची गरज पडली नाही. लवूच्या मागून शाळेत गेलेली मोठी पोरं केव्हाच विठूच्या मागे एका ओळीत उभी राहिली होती, आणि धाकटी त्यांच्या मागे.

मान वळवून विठू हळूच म्हणाला, "काका, मना भ्या वाटतंय."

"तुज्या बापाला पन वाटायचं," मी म्हणालो. "चल तू. मी हाय मागं."

ओळीतल्या पहिल्या पोराच्या पुढे जाऊन मी उभा राहिलो आणि विठूच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. मग पालखी मळ्याकडे निघाली.