राहुकाळ बारा चाळीस ते दोन पाच

सुतार बायकोला रोज मारायचा, पण राहुकाळात नाही. त्या दीड तासात सुरू केलेलं काम नासतं, म्हणून तो मारायच्या लाकडी पट्टीला हात लावायचा नाही आणि घराचा उंबराही ओलांडायचा नाही. वा रे धार्मिक माणूस!

बायको पंचांगकर्त्याची मुलगी. मागे एकदा ती राहुकाळात निघून गेली होती. भिंतीवरच्या कोष्टकात बुधवारचा राहुकाळ बारा ते दीड. दीड वाजताच तो बाहेर पडला आणि दोनच्या बसमधून तिला केसाला धरून ओढत घरी घेऊन आला. तेव्हा तिची दोन बोटं मोडली.

यंदा तिने आधी गणित मांडलं. बुधवारी सकाळी त्याला म्हणाली, "अहो, कोष्टक ढोबळ आहे. आज सूर्य सातला उगवला, सहा वीसला मावळेल. दिवसाचे आठ भाग करा. बुधवारी पाचवा भाग राहूचा. म्हणजे बारा चाळीस ते दोन पाच."

त्याने स्वतः हिशेब करून पाहिला आणि मान डोलावली. तिला दोनच्या बसपुरता वेळ मिळाला. बदल्यात बारा ते बारा चाळीस ही मारायला मोकळी चाळीस मिनिटं त्याच्या पदरात पडली, हे तिला ठाऊक होतं. सोसू, ती मनात म्हणाली.

बारा पस्तीसला त्याला जेवण खारट लागलं. पट्टी पाठीवर, मानेवर, तोंडावर बसू लागली. ओठ फाटला. ती घड्याळाकडे बघत मिनिटं मोजत राहिली. चाळीस झाले. पट्टी थांबेना.

"अहो, राहुकाळ लागला!"

"आधी सुरू केलेलं काम राहुकाळात चालतं. तुझ्या बापानंच छापलंय," तो म्हणाला आणि पुन्हा हाणलं.

हात्तिच्या! गणित शिकलेली पोर नेमका नियमच विसरली होती. थांबला तर पुन्हा सुरू करता येणार नाही, म्हणून आता हा न थांबता दोन पाचपर्यंत मारणार, आणि तोवर आपण जिवंत राहत नाही, हे तिला लख्ख कळलं. ती त्याच्या कामाच्या कोपऱ्यात लाकडाच्या भुशात कोसळली, तिथे हाताला हातोडी लागली. तिने जीव खाऊन त्याच्या मनगटावर घातली. हाड कडाडलं. पट्टी पडली. तो गुरासारखा ओरडला आणि डाव्या हाताने पट्टी उचलायला वाकला.

"उचला की," ती धापा टाकत म्हणाली. "काम मोडलं. आता उचललीत तर नवी सुरुवात."

त्याचा हात पट्टीपासून वीतभर अंतरावर थांबला. घामाने तो निथळत होता, पण हात पुढे जाईना.

"आणि तू गं?" तो किंचाळला. "राहुकाळात निघालीस तर वाटेत मरशील!"

"मी आत्ता कुठे निघतेय? सकाळी आठला चांगल्या मुहूर्तावर प्रस्थान ठेवलंय. बॅग समोरच्या शिंपिणीच्या घरी आहे, लेकही तिथेच आहे. सामान बाहेर पडलं की माणूस निघाला, हेही बापानंच छापलंय."

तोंडातलं रक्त तिने उंबऱ्यावर थुंकलं आणि रस्ता ओलांडला. तो दारात मनगट धरून घड्याळ बघत उभा होता. दोनला मायलेकरांना घेऊन बस गेली, तेव्हा त्याच्या राहुकाळाची पाच मिनिटं बाकी होती.