औषधाला वाट

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला, इसरूला, न्यूमोनिया झाला. चामोर्शीच्या डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला, दमही मोकळा झाला. आम्ही निर्धास्त झालो. मग त्याची कंबर दुखायला लागली आणि तो अंथरुणातच कण्हत पडला.

आमच्यात सून नवऱ्याच्या थोरल्या भावाशी सरळ बोलत नाही. इसरूची बायको मंगली दाराआडून भिंतीला सांगावं तशी म्हणाली, "कालपासून लघवी नाई झाली. झाली ते थेंबभर, अन् लाल."

मी लगेच बैल जुंपले. मंगलीही गाडीत बसली.

डॉक्टरांनी इसरूच्या पाठीवर दाबून पाहिलं आणि पाणी किती प्यायला ते विचारलं. इसरूनं बायकोकडे बोट दाखवलं. गोळीबरोबर तिनं घोटभरच पाणी दिलं होतं, आणि तो मागतो म्हणून मडकं लपवून ठेवलं होतं.

डॉक्टर चिडले. लोटाभर पाणी पाज म्हणून बजावलं होतं ना, असं विचारलं. मंगली काही घाबरली नाही.

"पानी पेलं का लघवीत सारं औषध वाहून जाईन. मंग अंगाले काय लागन? औषध अंगात राहाले पायजे का भायेर जाले?"

डॉक्टर म्हणाले, "आधी काम करायला पाहिजे, मग बाहेर जायला पाहिजे. बकऱ्याचे गुर्दे पाहिलेस ना? तसेच दोन याच्या पाठीत आहेत. रक्तातलं औषध ते लघवीवाटे बाहेर टाकतात. पाणीच नसलं तर औषधाचे बारीक खडे होतात आणि वाट बुजते."

मंगलीला ते लगेच समजलं. गुर्दे तिनं कितीदा चिरले होते.

गोळ्या बंद झाल्या. खडे विरघळावेत म्हणून डॉक्टरांनी खायचा सोडा घातलेलं पाणी पाजायला सांगितलं. मंगली लोटा घेऊन दवाखान्यातच त्याच्या उशाशी बसली. थोड्या वेळानं इसरू तोंड फिरवू लागला.

"आता नोको म्हनता? काल तं मडक्यासाठी रडत होते."

दिवस कलला तेव्हा इसरू माझ्या खांद्याला धरून दवाखान्यामागं गेला. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग धार लागली. आधी लालसर, मग मळकट. डॉक्टरांनी मागितलेली बाटली भरून आम्ही परत आलो. त्यांनी ती उजेडात धरली आणि वाट मोकळी झाली म्हणाले.

मंगलीनंही बाटली निरखून पाहिली. "मी एवढे लोटे पाजले, अन् भायेर एवढुसंच?"

"काही घामानं गेलं, बाकीचं येईल. अजून पाज."

तिनं बादली उचलली आणि विहिरीकडे गेली.