ऑरिनने शेवी निवडली

"हीच घे," ऑरिन म्हणाला, आणि त्याने करड्या शेवरोलेच्या बॉनेटवर थाप मारली.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. सकाळपासून मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. हार्लन प्रुइटचं अंगण आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण चालत यायला आम्हाला वीस मिनिटं लागली. ऑरिन तीनदा थांबला, आणि तिन्ही वेळा कुणाच्या तरी कुंपणाला नावं ठेवायचं निमित्त केलं. तेवढ्या वेळात माझे सगळे मुद्दे पाठ झाले होते.

हार्लन पूर्वी शाळेत शेतकी शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून जुने पिकअप ट्रक आणून अंगणात विकतो. त्या शनिवारी त्याच्याकडे दोनच होते, एक पांढरी फोर्ड आणि एक करडी शेवरोले, म्हणजे आमच्या भाषेत शेवी. दोन्ही सारख्याच वर्षांच्या, सारख्याच पळालेल्या, आणि माझ्यासारख्या बुटक्या बाईने शिडी लावून चढावं अशाच. फरक एवढाच, की शेवीत बसल्यावर मला बॉनेटच्या पलीकडचा रस्ता दिसत होता. फोर्डमध्ये उशी घेऊन बसावं लागलं असतं. त्यात फोर्डचा काही दोष नाही. माझी उंचीच तेवढी.

पण ट्वेट घराण्यात शेवी म्हणजे पाप. ऑरिनच्या वडिलांची फोर्ड, आजोबांचीही फोर्ड. ऑरिन वीज मंडळात लाइनमन होता. एका हिवाळ्यात मंडळाने त्याला शेवी दिली, तर हा पठ्ठ्या आठवडाभर स्वतःच्या फोर्डमध्ये शिडी घालून हिंडला. आमच्या लेकीला मागणी घालायला आलेला मुलगा शेवी घेऊन आला, तेव्हा ऑरिनने त्याला गाडी रस्त्याकडेच्या पत्रपेटीपाशी लावायला लावली. लग्नाला सोळा वर्षं झाली, जावई अजून तिथेच लावतो. सुरुवातीला चिडायचा, आता लेकरांना सांगतो, "इथून पुढे आजोबांचा देश."

असा माणूस एकही टोमणा न मारता म्हणाला, हीच घे. लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत या एका बाबतीत तो कधी हरला नव्हता, आणि आज भांडणाशिवायच हरला. मला भीती वाटली.

ही भीती दोन आठवड्यांपासून घरात होतीच. ऑरिनच्या किडन्या गेल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं डायलिसिसला टेनमाइल घाट ओलांडून जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. त्याच्या हातात आता जोर नाही म्हणून गाडी मी चालवते. दोन आठवड्यांपूर्वी घाटात, भल्या पहाटे, धुक्यातून घोड्याएवढं एल्क हरीण समोर उभं राहिलं. मी ब्रेक दाबला, तरी धडकलेच. आम्ही वाचलो. एल्क गेलं, आणि सव्वीस वर्षांची आमची फोर्डही गेली. तेव्हापासून शेजारीपाजारी आळीपाळीने आम्हाला नेत होते, आणि प्रत्येक वेळी उतरताना ऑरिन त्यांचे इतके आभार मानायचा, की मला लाज वाटायची. परवा स्वयंपाकघरात कॉफीचा कप पुढे ढकलत तो म्हणाला, "वर्ला, पुरे करू या आता हे." मी गाडीबद्दल समजले. म्हणजे तसं समजल्याचं दाखवलं; डायलिसिसचा शब्द मला त्याच्या तोंडून ऐकायचा नव्हता.

"मला फोर्ड हवी," मी म्हणाले.

हार्लन माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, काल फोनवर तर म्हणालीस, की ऑरिनला कसंही करून शेवीवर आण."

"काल म्हणाले. आज फोर्ड हवी."

"पाय पोचत नाहीत तुझे," ऑरिन म्हणाला.

"पोचवीन. उशी घेईन. दोन घेईन."

"आणि रस्ता?"

"तू सांगशील ना शेजारी बसून. एरवी तरी कुठे गप्प असतोस?"

ऑरिन हसला नाही. खिशातून त्याने आमच्या फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि शेवीच्या कडेकडेने, चाकांच्या वरच्या पत्र्यावर, दारांच्या खाली ते लावत गेला. जिथे गंज खरवडून वर लांबीचा लेप भरलेला असतो, तिथे चुंबक चिकटत नाही. प्रत्येक ठिकाणी ते टक्कन चिकटत होतं, आणि प्रत्येक टक्क मला नको होता. कुठेतरी एकदा तरी घसरून पडू दे, असं मी देवाला म्हणत होते. मग गाडीखाली बघायला हा माणूस गुडघ्यावर बसला. उठताना हार्लनने हात दिला, तो त्याने मुकाट्याने घेतला.

"चालवून बघा तरी," हार्लन म्हणाला. "किल्ली आतच आहे."

घाटाच्या पायथ्यापर्यंत रस्ता सरळ आहे, तरी माझे हात स्टिअरिंग घट्ट धरून पांढरे झाले होते. दोन्ही बाजूंच्या झाडांतून काहीतरी बाहेर येईल असं सारखं वाटत होतं. ऑरिन समोर बघत होता.

"वेग चांगला आहे. एवढाच ठेव. कडेला नजर असू दे, पण रोखून बघू नकोस. जिकडे बघशील तिकडे गाडी जाते."

"मला येतं चालवायला."

"येतं. घाबरतेस फक्त."

"मग? तू नाही घाबरत?"

बर्फात टायरला साखळ्या बांधायला थांबतात त्या मोकळ्या जागेत मी गाडी उभी केली. पुढे घाट सुरू होत होता. मी इंजिन बंद केलं. आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, हे मला कळत होतं.

"ऑरिन, तू शेवी का घेतोयस?"

"तुला रस्ता दिसतो म्हणून."

"खोटं. मला दिसतो म्हणून तू एक्केचाळीस वर्षांत कधी काही घेतलं नाहीस."

आता मात्र तो थोडासा हसला. मग नखाने दाराच्या हँडलवरचा चिखल खरवडू लागला.

"गावात गाड्यांचं काम करणारा एकच माणूस राहिलाय," तो म्हणाला. "लेलँड."

लेलँड बाके म्हणजे गावातला सगळ्यात कट्टर शेवीवाला. शाळेपासून ऑरिनचा मित्र आणि शाळेपासूनच शत्रू. फोर्ड दुरुस्तीला नेली, की अर्धा तास टोमणे ऐकवल्याशिवाय तो पाना हातात घ्यायचा नाही.

"मी असेपर्यंत ठीक आहे, मी त्याला उलट ऐकवतो. तू ऐकवू शकणार नाहीस. तू गाडी न्यायचंच टाळशील, वर्ला. तेल बदलायचं टाळशील, ब्रेक कुरकुरले तरी रेडिओ मोठा करशील. ओळखतो मी तुला. शेवी असली तर तो आपणहून येईल. बर्फ पडायच्या आधी टायर बघेल. त्याच्या डोळ्यांसमोर शेवी खराब झालेली त्याला चालत नाही."

"आणि हे तुला कुणी सांगितलं?"

"गुरुवारी गेलो होतो त्याच्याकडे. विचारलं. म्हटलं, मी नसताना बघशील का हिच्याकडे."

ऑरिन लेलँडकडे शेवीबद्दल विचारायला गेला! गावात कुणाला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. लेलँड या दिवसाची जन्मभर वाट बघत होता.

"मग? नाचला असेल."

"नाही," ऑरिन म्हणाला. "फडक्याने हात पुसत बसला. स्वच्छ झाले तरी पुसतच होता."

मला रडू फुटलं. मी तोंड फिरवलं नाही, फिरवून करणार काय? शेजारी शेजारी बसलेलो आम्ही.

"सोमवारी येणार आहेस ना?" मी विचारलं. "डायलिसिसला?"

त्याने हँडलवरचा चिखल अजून थोडा खरवडला. "थंडी वाढतेय. गाडी वळव."

मी गाडी वळवली. घाटाकडे पाठ करून येतानाही माझे हात सैल पडत नव्हते.

हार्लनने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद मांडले होते आणि चष्मा नाकावर चढवला होता. "तर मग शेवी. नाव कुणाचं घालू?"

"तिचं," ऑरिन म्हणाला. "एकटीचं."

हार्लनचं पेन कागदावर टेकलं. तो वाईट माणूस नाही, पण सांगितलं की लगेच लिहितो. आमच्या आजवरच्या प्रत्येक गाडीच्या कागदावर दोन नावं होती. एकटीचं नाव का, हे त्या टेबलाशी बसलेल्या आम्हा तिघांनाही कळत होतं आणि तिघंही कागदाकडे बघत होतो. पस्तीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना वाढलं, कुणावर आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला.

"दोघांचं लिही. आधी त्याचं."

"वर्ला, उगाच गुंता नको," ऑरिन म्हणाला. "मागाहून तुलाच त्रास होईल."

"होऊ दे. लिही, हार्लन."

हार्लनने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "दोन नावं घातली तर सोमवारी दोघांनाही जिल्ह्याच्या कचेरीत जावं लागेल बरं का. तिथल्या बाईसमोर सह्या लागतात. एकाने जाऊन चालत नाही."

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले. डायलिसिसचं केंद्र त्या कचेरीच्या समोरच आहे, रस्ता ओलांडला की दार.

ऑरिन माझ्याकडे बघत राहिला. हे माझं आत्ताच सुचलेलं आहे हे त्याने ओळखलं होतं, आणि मी किती घाबरलेय हेही. टेबलाखाली त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सुया टोचून टोचून निळा पडलेला, हलका झालेला हात.

"बरं," तो म्हणाला. "सोमवारी सही करायला येतो."

हार्लन लिहू लागला. ऑरिन एल्डन ट्वेट, आणि त्याच्या शेजारी वर्ला मे ट्वेट. मी अक्षरन् अक्षर वाचत बसले.

बुधवारचं मी विचारलं नाही.