एक ग्रॅम मैदान

माझ्या धाकट्या बहिणीला, ती पीएचडी करते त्या संस्थेने एक ग्रॅम पावडरीत जागा दिली. बाहेर प्रयोगशाळेत बेंच शिल्लक नव्हता, म्हणून. हे तिने मला सांगितलं नाही. तिचे मार्गदर्शक डॉ. टिपणीस यांनी सांगितलं, तेही मी फोन करकरून त्यांचं डोकं खाल्ल्यावर.

"काळजीचं कारण नाही," ते म्हणाले. "शलाका ऐसपैस आहे आत. दुपारी मात्र भट्टी लावायची आहे. भेटायचं असेल तर सकाळीच या."

मी फलटणला मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. गळ्यातली शिट्टी मी एसटीतही काढत नाही. त्या दिवशी तर ती मुठीत धरूनच बसले होते, नाहीतर कंडक्टर बिचारा विनाकारण माझ्या तावडीत सापडला असता.

संस्था टेकडीवर आहे. सरांच्या खोलीत वजनकाटा होता आणि त्यावर बोटाएवढी काचेची बाटली. तळाशी चिमूटभर पांढरी पावडर. बाटलीवर नाव लिहिलं होतं, पण शलाका भोईटे असं नव्हे. डॉ. टिपणीस असं.

"ही पावडर कुणी बनवली?" मी विचारलं.

"आमच्या गटाने."

"गट म्हणजे कोण?"

"गट म्हणजे गट," सर म्हणाले आणि त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

मी ओरडले. खरं तर वर्गावर ओरडते त्याच्या दुप्पट ओरडले. पण आवाज तोंडातून निघाला की बाटलीकडे वळायचा आणि आत जाऊन बसायचा. सरांपर्यंत ते ओरडणं पोचतच नव्हतं. ते शांतपणे चष्मा पुसत होते.

"बोला, बोला. ती सगळं शोषून घेते. तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे." मग त्यांनी मला समजावून सांगितलं, जसं पालकसभेत अडाणी बाईला सांगतात तसं. धातूचे अणू म्हणजे कोपरे. त्यांना जोडणाऱ्या काड्या. आणि मध्ये नुसती रिकामी जागा. ही एवढीशी चिमूट उलगडून पसरली तर खेळाचं मैदान भरेल. त्या रिकाम्या जागेत औषध बसवायचं. लहान मुलांना पोटात द्यायचं. औषध आतून एकेक रेणू उठून हळूहळू रक्तात जातं. ज्या पोरांना रोज सुई टोचून घ्यावी लागते त्यांची सुटका.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या शाळेचं अर्धं मैदान गेल्या वर्षी पार्किंगला दिलं. मी अर्ज केले, भांडले, रडले. आणि इथे हे लोक मैदान बाटलीत भरून वजन करत बसले होते.

"मग भट्टी कशाला?" मी विचारलं.

"औषध भरण्याआधी जागा रिकामी करावी लागते. पावडर तापवायची, पंपाने हवा ओढून घ्यायची. आत जे कुणी बसलेले असतील ते वाफ होऊन निघून जातात."

"शलाका आत आहे."

"तिला कल्पना आहे. ही पद्धत तिनेच तर बसवली," सर म्हणाले. "फार हुशार मुलगी. कधी नाही म्हणाली नाही."

मी म्हटलं, मला आत जायचंय. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग वजनकाट्याकडे. "जा. चप्पल बाहेर काढा, धूळ चालत नाही. आणि एक लक्षात ठेवा, एक आत गेली तर एक बाहेर यायला हवी. वजन हललं तर सगळा प्रयोग वाया जातो."

मी चपला बाटलीच्या तोंडाशी काढल्या आणि आत गेले. वाकावं लागलं नाही.

आत मैदान होतं. मैदान आखायच्या फक्कीसारखी पांढरी जमीन आणि ठरावीक अंतरावर खांब. मी आयुष्यभर खो-खोचे खांब रोवत आले आहे, पण इतके ओळंब्यात असलेले खांब कधी पाहिले नव्हते. एका खांबापलीकडे दुसरा, त्याच्यापलीकडे तिसरा, आणि मैदानाची कड काही दिसत नव्हती. खांबांच्या मध्ये चौरस आखलेले आणि प्रत्येक चौरसात एकेक जण बसलेला. बोटं जमिनीला टेकलेली, एक पाय मागे. एकाचं तोंड इकडे, तर शेजारच्याचं तिकडे. अगदी नियमाप्रमाणे. मला फाउल कुठेच सापडला नाही आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पहिल्या चौरसात दाढी वाढलेला एक मुलगा होता. मुलगा कसला, कानशिलावरचे केस पिकले होते. म्हणाला, मी वाकोडे, अकोल्याचा.

"तुमी शलाकाच्या ताई न? तुमचं वरडनं आलं होतं मंघाशी. हे काय, इथंच बसलं होतं."

"तू कधीपासून बसलायस?"

"थे काई आठवत नाही आता. सर म्हने, थीसिस होऊन जाईन यंदा." त्याने मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं. "डबा आनला का जी? नाही, असंच इचारलं. माह्या घरून कोनी आलं नाही कधी."

डबा मी आणला होता. लसणाची चटणी आणि भाकरी. मी त्याला अख्खा डबाच दिला. पण त्याची बोटं जमिनीवरून उचलेनात. डबा त्याच्यासमोर तसाच राहिला आणि तो वास घेत बसला.

शलाका त्याच्या शेजारच्या चौरसात होती. तोंड बाटलीच्या तोंडाकडे, म्हणजे माझ्याकडे. ती बारीक झाली नव्हती. उलट चौरसात अगदी बेताची बसली होती, मापाने शिवलेल्या पोलक्यासारखी.

"ताई, किती ओरडलीस," ती म्हणाली.

"ऊठ."

"उठता येत नाही."

मी तिचा हात धरून ओढला. हात आला, ती आली नाही. भिजवलेल्या कणकेसारखा हात लांबत गेला, आणि मी सोडल्यावर सावकाश आपल्या जागी गेला. तिला दुखलं नाही. मला दुखलं.

"ही पावडर मी बनवली, ताई," ती म्हणाली. "औषधाच्या रेणूएवढी पोकळी कुणालाच जमत नव्हती. मला जमली. मोठी केली की औषध भसकन सुटायचं, लहान केली की आत जायचंच नाही. शेवटी मी स्वतः बसून माप घेतलं."

"आणि तिथेच बसून राहिलीस."

"सर म्हणाले, बस थोडा वेळ."

"बाटलीवर नाव कुणाचं आहे, पाहिलंस?"

"नावाचं काय एवढं. पोरांच्या सुया बंद होतील. ते खोटं नाहीये, ताई."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खोटं असतं तर मी बाटली भिंतीवर आपटून मोकळी झाले असते. चांगल्या कामाच्या नावाने हे लोक केसाने गळा कापतात आणि कापून घेणारी मान आणखी पुढे करते. "हो सर" म्हणते. लहानपणापासून तशीच. मैदानावरही, मी तोंडाला फेस येईपर्यंत पळवलं तरी म्हणायची, "हो ताई." तेव्हा मला ते फार आवडायचं.

जमीन पायांना कोमट लागायला लागली. वरून, खूप लांबून, सरांचा आवाज आला. "वजन जास्त दाखवतंय. एक कमी करा."

खांब थोडे जवळ आले होते. मघाशी दोन खांबांच्या मध्ये मी हात पसरू शकत होते. आता कोपर लागत होतं.

"मंडळी सरकून घेते भट्टीच्या आधी," वाकोडे म्हणाला. त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

तेव्हा मला कळलं, इथे ओढून कुणी उठणार नाही. बसलेल्याला उठवायची एकच रीत आहे आणि ती मी रोज सकाळी शाळेतल्या मुलींना शिकवते. पाठीमागून यायचं, पाठीवर हात मारायचा, मोठ्याने खो म्हणायचं. तो उठतो. आपण त्याच्या जागी बसतो.

"नीट ऐक," मी शलाकाला म्हटलं. "बाहेर गेलीस की आधी बाटली उचल. उलटी कर. सगळ्यांना टेबलावर सांड, ह्या वाकोड्यालासुद्धा. मग सरांशी मी बोलते. त्यांना बसायला खुर्ची देऊन बोलते."

"हो ताई."

"भट्टीला हात लावायचा नाही."

"हो ताई."

मी वळसा घालून तिच्या मागे गेले. तिची वेणी पाठीवर होती, ती बाजूला केली. हात पाठीवर मारला. "खो!"

ती सुटली. काय सुटली! इतकी वर्षं वाकून वाकून पाठ गेली असेल असं मला वाटलं होतं, पण पहिलं पाऊल तसंच होतं, मी घडवलेलं, जमिनीलगत आणि लांब. मला हसू आलं. राग होता तसाच होता, त्याच्यातच हसू आलं. मी तिच्या चौरसात बसले आणि बोटं टेकली. माप बरोबर होतं. आम्ही दोघी सारख्याच दिसतो असं आई म्हणायची.

खो-खोत एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही. शलाका वळली नाही. बाटलीच्या तोंडाशी माझ्या चपला होत्या, त्या तिने पायात घातल्या आणि ती बाहेर गेली.

मी वाट पाहिली. आता मैदान हलेल, तिरकं होईल, आम्ही सगळे घरंगळत टेबलावर जाऊ.

"पोरगी चांगली आहे न जी," वाकोडे म्हणाला. त्याचं तोंड पलीकडे होतं, त्यामुळे त्याला काही दिसत नव्हतं.

"चांगली आहे," मी म्हटलं. "मीच तयार केलीय."

बाटलीच्या तोंडातून सरांचा चष्मा दिसला. मग शलाकाची वेणी. ती काट्याजवळ उभी होती.

"वजन बघ," सर म्हणाले.

"तेवढंच आहे, सर."

"नीट बघितलंस?"

शलाकाचा चेहरा बाटलीच्या अगदी जवळ आला. डोळा एवढा मोठा की मैदानावर सावली पडली. तिने मला पाहिलं. मी उठायला गेले, पण बोटं सुटेनात. मग तिने बाटली उचलली. उलटी केली नाही. सरळ धरून, एक कणही सांडू नये तशी, हळूहळू घेऊन गेली.

"संध्याकाळी ती सुया घेणारी मुलं येणार आहेत," सरांचा आवाज आला. "लाव मग."

"हो सर."

पंप सुरू झाला. आधी भाकरीचा वास गेला. मग वाकोडे काहीतरी बोलला, ते तोंडातून निघून वर गेलं, माझ्याकडे आलंच नाही. मी मान वाकवून शिट्टी दातांत धरली आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा लावून फुंकली. शिट्टीतला मणी गरगर फिरला. आवाज आला नाही.